साखरेला आरसा का जमत नाही?

टेबलावर दोन बाटल्या आहेत. दोन्हींत पाण्यासारखा दिसणारा द्रव. एकीत व्हिनेगर, दुसरीत स्पिरिट, पण चिठ्ठ्या गळून पडल्यात. हुंगायचं नाही. चाखायचं तर मुळीच नाही! मग ओळखणार कसं?

सोपं आहे. दोन्हींतलं थोडं थोडं वेगळं काढून घ्या आणि चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाका. जिथे फसफसेल ते व्हिनेगर. त्यातल्या ॲसिटिक आम्लाच्या रेणूला अणूंचा एक छोटासा गट जोडलेला असतो आणि सोड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचं काम तोच करतो. लिंबाच्या सायट्रिक आम्लात असे तीन गट, चिंचेच्या टार्टारिक आम्लात दोन. म्हणून तीही फसफसतात. बाकीचा रेणू केवढाही असो, गट तोच असला की वागणूक साधारण तीच. या गटांना क्रियात्मक गट म्हणतात. कार्बनी संयुगं लाखो आहेत, पण हे गट मोजकेच, म्हणून तर रसायनशास्त्रज्ञांचं निभतं!

आता माझी सर्वांत आवडती परीक्षा. ग्लुकोजची पूड आणि पिठीसाखर, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोड. यांतली कोणती कोणती, हे सांगतो टॉलेन्सचा अभिकारक. बर्नहार्ड टॉलेन्स हे जर्मनीतल्या गोटिंगन विद्यापीठातले प्राध्यापक, निरनिराळ्या शर्करांचा अभ्यास करणारे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात आधी थोडं सोडिअम हायड्रॉक्साइड टाकायचं. तपकिरी साका दिसतो. मग तो विरघळेपर्यंत थेंबथेंब अमोनिया. या द्रावणात ग्लुकोज घालून परीक्षानळी गरम पाण्यात धरली, की थोड्याच वेळात काचेच्या आतून लख्ख आरसा चढतो. खरीखुरी चांदी!

होतं काय, तर ग्लुकोजमधला अल्डिहाइड गट चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. पाण्यात न दिसणारे ते आयन धातू होऊन काचेला चिकटतात. साखरेच्या रेणूतही ग्लुकोज असतंच, पण ते फ्रुक्टोजशी असं जखडलेलं असतं की अल्डिहाइड गट मोकळा होऊच शकत नाही. आरसा नाही!

अल्डिहाइडमुळे चांदी काचेवर बसते, हे युस्टुस फॉन लीबिग यांनी टॉलेन्सच्या आधीच, 1835 साली पाहिलं होतं. तेव्हा आरसे पारा वापरून बनत आणि कारागिरांना पाऱ्याची विषबाधा होई. पुढे लीबिगनी चांदीचे आरसे करायची पद्धत काढली. थर्मासच्या काचेवरचा चकचकीत थरही असाच चढवतात.

पण गंमत पुढेच आहे. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइड नसतो, कीटोन असतो. कीटोन सहसा आरसा देत नाहीत. फ्रुक्टोज मात्र देतं! त्या अल्कधर्मी द्रावणात त्याचे अणू जागा बदलतात आणि ते चक्क ग्लुकोजसारखं होऊन बसतं. म्हणून एकाच परीक्षेवर विसंबून निकाल देणारा कच्चा रसायनतज्ज्ञ. दोन-तीन परीक्षा करून उत्तरं ताडून बघावीच लागतात.

आरशाचा प्रयोग फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करायचा. ते द्रावण ठेवून दिलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून ताजं बनवतात आणि उरलेलं लगेच नष्ट करतात.

घरी करण्यासारखी परीक्षा हवी? लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात ना? आवळ्यातल्या संयुगांत फेनॉल गट असतात आणि लोखंडाशी त्यांची गाठ पडली की काळा-निळा रंग येतो. प्रयोगशाळेत हेच काम फेरिक क्लोराइड करतं. साध्या फेनॉलबरोबर ते छान जांभळं होतं. चहातही असे गट असतात. एक लोखंडी खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी त्यातले काही थेंब गार कोऱ्या चहात टाका. रंग बघा, मग लिंबू पिळून पुन्हा बघा. आणि तो चहा पिऊ नका, मोरीत ओतून द्या!