निम्म्या रुग्णांना औषध का दिले नाही?

पक्षाघाताच्या रुग्णांना नवे औषध दिले आणि पुष्कळजण सावरले, तर श्रेय औषधाचे का? तसे लगेच म्हणता येत नाही. काही रुग्ण औषधावाचूनही सुधारतात. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहा. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे टीपीए हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत द्यायचे होते. ६२४ रुग्णांपैकी औषध कोणाला आणि तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य कोणाला, हे यदृच्छेने ठरले. डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हते.

पक्षाघाताच्या सुरुवातीलाच आकडी आलेल्यांना मात्र वगळले होते. आकडीनंतरही हातपाय काही काळ लुळे पडू शकतात (याला टॉडचा पक्षाघात म्हणतात) आणि मग आपोआप पूर्ववत होतात. असे रुग्ण दोन्ही गटांत ‘बरे’ झाले असते व तुलना पुसट झाली असती. शिवाय गुठळी नसताना रक्तस्रावाची जोखीम!

ती जोखीम लहान नव्हती. मेंदूत प्रकृती बिघडवणारा रक्तस्राव औषधगटात ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ०.६ टक्के रुग्णांना झाला. तरीही तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेले किंवा नाममात्र असलेले रुग्ण औषधगटातच अधिक होते. मृत्यूंचे प्रमाण १७ आणि २१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो.

मग दुसऱ्या गटावर अन्याय झाला का? चाचणी सुरू होताना हे औषध तारील की मारील, हे कोणालाच माहीत नव्हते. पक्षाघातासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली.