रक्तातले जस्त, रक्तातले शिसे

निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर सीरममध्ये जस्त असते साधारण 70 ते 120 मायक्रोग्रॅम. इतक्या कमी प्रमाणाचा अचूक आकडा काढणारी यंत्रे पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांत असतात. दौंड तालुक्यातल्या केडगावात फक्त रक्त घेतले जाते, पण तपासणी बिघडण्याची जास्त भीती तिथेच.

नेहमीच्या नळीच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरते, म्हणून गडद निळ्या टोपणाची खास नळी लागते. दंडावरची धूळही आकडा बदलू शकते. सुईतून रक्त जोराने ओढले की तांबड्या पेशी फुटतात. पेशींत जस्त सीरमच्या कित्येक पट असल्याने कमतरता असलेला रुग्णही कागदावर धडधाकट ठरतो. त्यामुळे नमुना गाडीत चढण्याआधीच सीरम वेगळे काढावे लागते. शिशाचे उलटे: ते जवळजवळ सगळे तांबड्या पेशींतच बसते, म्हणून तिथे न गोठलेले संपूर्ण रक्त पाठवतात.

जस्तासाठी अणुशोषण पद्धत पुरते. ॲलन वॉल्श यांनी ती 1955 मध्ये मांडली. पातळ केलेले सीरम ॲसिटिलिनच्या ज्योतीत फवारतात आणि तिच्यातून जस्ताच्याच दिव्याचा 213.9 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. ज्योतीतले जस्ताचे अणू तेवढाच प्रकाश गिळतात. जितका प्रकाश कमी झाला, तितके जस्त जास्त. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचे जस्त याच पद्धतीने मोजले गेले. 10 ते 19 वयोगटातली सुमारे 32 टक्के मुले कमी भरली.

शिसे, सेलेनियम, आर्सेनिक एकाच नमुन्यात हवे असतील तर आर्गॉनच्या प्लाझ्माचे यंत्र वापरतात. हजारो अंश तापलेल्या त्या झोतात अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि उरलेले आयन वस्तुमानानुसार निवडून मोजले जातात. इथे एक खोडी आहे. रक्तातल्या मिठाचे क्लोरीन आर्गॉनशी जुळले की त्या जोडीचे वस्तुमान 75 होते, नेमके आर्सेनिकएवढे! वाटेत हेलियम सोडून ही तोतया जोडी अडवतात. प्रत्येक खेपेला आधीच माहीत असलेल्या प्रमाणाचे रक्तही तपासले जाते. त्याचा आकडा चुकला, तर त्या खेपेचे अहवाल थांबवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार 100 मिलिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून काढायचा असतो. जस्तासाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे, आणि नळी निळ्या टोपणाची आहे ना, हे विचारायला संकोचू नये.