माप खरे, रंग आपला : कल्पित रंगसज्जेच्या विमान-प्रतिकृती

विमानाची प्रतिकृती तयार करणे हा जगभर जोपासला जाणारा छंद आहे. या छंदाची एक शाखा विशेष मनोरंजक आहे. तीत विमान खरे असते, त्याची मापे खरी असतात. रंग मात्र करणाऱ्याच्या कल्पनेतले असतात. जी विमानकंपनी कधी स्थापनच झाली नाही, तिचे नाव, चिन्ह आणि पट्टे त्या विमानावर येतात. वरवर पाहता हा केवळ खेळ वाटेल. परंतु विद्यार्थ्याच्या हाताला अचूकपणाची आणि मनाला प्रामाणिकपणाची सवय लावणारे याहून चांगले हस्तव्यवसाय थोडेच असतील, असे आम्हांस वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची ओळख करून देत आहोत.

रंगसज्जा म्हणजे काय?

विमानकंपनी आपल्या सर्व विमानांना जो एकसारखा वेष देते, त्यास आपण रंगसज्जा म्हणू. ती विमानाची ओळख असते. एअर इंडियाने १९७१ साली जंबो जेट सेवेत आणले, तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यातील झरोक्यासारखी लाल कमान रंगवली होती. जणू आकाशातून एक महालच चालला आहे, ही त्यामागील कल्पना. या ताफ्यातील पहिल्या विमानाचे नाव 'सम्राट अशोक' असे होते. म्हणजे खऱ्या विमानांची रंगसज्जासुद्धा कोणाच्या तरी कल्पनेतूनच जन्म घेते. ती कल्पना आपल्या विद्यार्थ्याने का करू नये?

मात्र रंग विमानाला उडवीत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हेच 'सम्राट अशोक' विमान १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून निघाल्यावर काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दाखविणारे उपकरण चुकीचे दाखवू लागले आणि अंधारात वैमानिकाची दिशाभूल झाली, असे चौकशीत पुढे आले. सौंदर्य रंगात असते, सुरक्षितता मापात आणि यंत्रात. प्रतिकृती करतानाही हाच क्रम पाळावा : आधी माप, मग रंग.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतींमध्ये १:७२ आणि १:१४४ ही दोन प्रमाणे फार रूढ आहेत. हे आकडे विचित्र वाटतात. पण फूट-इंचांत पाहिले की उलगडा होतो. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, आणि १:१४४ म्हणजे बारा फुटांचा एक इंच. जंबो जेट सत्तर मीटरांहून लांब. ते १:१४४ प्रमाणात केले तरी जवळजवळ अर्धा मीटर होते. नवशिक्या विद्यार्थ्याने डाकोटा हे जुने, दोन पंख्यांचे विमान निवडावे. त्याची लांबी सुमारे १९.७ मीटर आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे २९ मीटर. १:७२ प्रमाणात ही मापे अनुक्रमे सुमारे २७ आणि ४० सेंटिमीटर होतात. वर्गातील बाकावर सहज मावेल असा हा आकार आहे. भागाकार मुलांनी स्वतः करावा. गणिताच्या तासाला रुक्ष वाटणारे गुणोत्तर येथे हातात धरता येते.

आपल्या भागातील विमान

डाकोटा निवडण्यास आणखी एक कारण आहे. नाचणगावहून सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला या विमानाचा मोठा इतिहास आहे. रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना, १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून संध्याकाळनंतर विमाने निघत, मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा लाभ नागपूरला असा मिळाला. आज त्याच विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे.

आता कल्पना करावी. या टपालसेवेसाठी स्वतंत्र विमानकंपनी असती, तर तिची रंगसज्जा कशी असती? विद्यार्थ्याने रंगाला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : हे विमान कोणाचे? ते काय वाहून नेते? ते कोठून कोठे जाते? उत्तरे मिळाली की रंग आपोआप सुचू लागतात. चार शहरांचे चार पट्टे नाकापासून निघून शेपटीवर एका बिंदूत मिळावेत. तो बिंदू म्हणजे नागपूर. विमान रात्री दिव्यांच्या उजेडात ओळखू यावे म्हणून वरचा भाग पांढरा असावा. आपला प्रदेश कापसाचा, म्हणून शेपटीवर उमललेले बोंड असावे. प्रत्येक रंगामागे असे कारण सांगता आले पाहिजे. भारतातील नागरी विमानांचे नोंदणीचिन्ह 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होते. कल्पित विमानानेही तो नियम मोडू नये.

साहित्य आणि कृती

बाजारात प्लॅस्टिकच्या भागांचे तयार संच मिळतात, पण ते महाग असतात. शाळेला लाकूड आणि पुठ्ठा पुरेसा आहे. सावंतवाडीच्या प्रसिद्ध खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले जाते. आपल्याकडील काटेसावरीचे लाकूडही तसेच मऊ व हलके असते. धड लाकडाचे आणि पंख जाड पुठ्ठ्याचे करावेत. डाकोटाच्या पंखांचा मधला भाग सपाट असून इंजिनांच्या पलीकडील भाग किंचित वर उचललेला असतो. जमिनीवर ते शेपटी टेकून, नाक वर करून उभे राहते. या दोन गोष्टी साधल्या की पाहणारा विमान चटकन ओळखतो.

काचपेपरने घासून पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत रंगाची घाई करू नये. रंग खड्डे झाकत नाही, उलट ते उठून दाखवितो. प्रथम पांढऱ्या रंगाचा अस्तर-हात द्यावा. रंग पातळ असावा. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर चांगले, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. फिकट रंग आधी, गडद रंग नंतर. पट्टे काढताना चिकटपट्टी लावून तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग एकदा फिरवावा. त्यामुळे कडेच्या फटी बुजतात आणि वरचा रंग आत झिरपत नाही. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा.

पाटीवरील दोन शब्द

प्रतिकृती पूर्ण झाली की तिच्या तळाशी पाटी लावावी. तीवर विमानाचे नाव, प्रमाण आणि करणाऱ्याचे नाव असावे. शेवटी 'रंगसज्जा कल्पित' हे दोन शब्द असावेत. आमच्या मते साऱ्या उपक्रमाचे सार या दोन शब्दांत आहे.

कल्पना करणे हा दोष नाही. कल्पनेला इतिहास म्हणून खपविणे हा दोष आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, असे आजही सांगितले जाते. त्याला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. तो विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या कल्पनांवर 'कल्पित' अशी पाटी असती, तर कोणाचेच काही बिघडले नसते.

ज्या घरांतून आमची मुले येतात, त्यांतील बहुतेकांनी विमान केवळ जमिनीवरून, मान वर करून पाहिले आहे. विमान हे दुसऱ्या कोणाचे, ही भावना त्यातून नकळत रुजते. ज्याने एकदा पंखाचे माप स्वतः काढले, इंजिनाची जागा स्वतः निश्चित केली आणि शेपटीवर आपल्या गावशिवाराचे चिन्ह रेखले, त्याच्या मनातून ती भावना पुसली जाते. विमान कसे बनते, हा प्रश्न मग त्याचा स्वतःचा होतो. त्या प्रश्नाच्या मागे तो कोठवर जाईल हे आज सांगता येत नाही. परंतु मोजून पाहण्याची आणि खरे तेच लिहिण्याची सवय त्याच्याबरोबर जाईल, एवढी खात्री आम्ही पालकांस देतो.