आधी काळी, मग लाल

राहुरी, नगर–मनमाड रस्त्यालगतचं बॅटरीचं दुकान. डिसेंबरातला शनिवार, ऊसतोडीचा हंगाम भरात.

सकाळी ६:३०
शटर वर करतो, पण लाइटच्या बटणाला हात लावत नाही. रात्रभर आत आठ बॅटऱ्या चार्जिंगला असतात आणि चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. हवेत चार टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका, वर चढणारा, म्हणून झरोके छताला लागून ठेवलेत. दहा मिनिटं वारा खेळू द्यायचा. देवाचा फोटोही मी दाराबाहेर लावलाय, उदबत्ती तिथंच.

मग चार्जर बंद करायचा आणि त्यानंतरच चिमटे काढायचे. चालू चार्जरवर चिमटा ओढला की ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडावर पडते.

७:१५
पहिलं गिऱ्हाईक उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर. कारखान्याच्या गव्हाणीपुढं रात्रभर नंबरात उभा होता. थंडी घालवायला ड्रायव्हरनं टेप लावला आणि पहाटे सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. शेवटी ओढून इथं आणला.

“भाऊ, बॅटरी गेली वाटतं.”

“गेली नाही मामा, उतरली.”

मीटरवर ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढं दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. १०.५ च्या आसपास अडकून बसली असती, तर सहापैकी एक सेल गेल्याचा संशय घेतला असता. गेलेली आणि उतरलेली यांतला फरक न बघता नवी बॅटरी गळ्यात मारणारे या धंद्यात आहेत. त्यांचं गिऱ्हाईक एकदाच येतं.

दुकानातला पोरगा पाना घेऊन धावला. त्याला थांबवलं, “आधी हातातलं कडं काढ.” मग क्रम: आधी काळी वायर, मग लाल. गाडीची सगळी बॉडी काळीला, म्हणजे निगेटिव्हला जोडलेली असते. काळी तशीच ठेवून लाल सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर सरळ शॉर्ट. मधे कडं किंवा अंगठी आली तर ती क्षणात लाल होते. काळी आधी सुटली की लाल सोडताना पाना पत्र्याला कुठंही लागो, सर्किट पुरं होत नाही.

बॅटरी ८८ अँपिअर-तासांची. चार्जिंगचा करंट दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. घाईनं जास्त सोडला तर बॅटरी तापते, प्लेटा वाकतात. दिवसभराचं काम. मामांना दुकानातली जादा बॅटरी बसवून दिली. ऊस वाळत ठेवून चालत नाही.

९:३०
पाणी टाकण्याची वेळ. रांगेत जीप, टेम्पो, दोन जुन्या मोटारी. एकानं स्वतःच बोअरचं पाणी ओतलं होतं. आमच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्यालासुद्धा पांढरा थर धरतो. तेच क्षार प्लेटांवर बसतात. डिस्टिल्ड वॉटरच हवं. ॲसिडही टाकायचं नाही. उन्हानं आणि चार्जिंगनं उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ओतलं तर प्लेटा खाल्ल्या जातात.

पाणी प्लेटांच्या वर बोटाच्या पेरापेक्षा थोडं कमी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाकायचं, चार्ज करायचं आणि मग पातळी पुरी करायची. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये वर येऊन सांडतं.

मग हायड्रोमीटर. टेम्पोच्या पाच सेलला बाराशे चाळीस, सहाव्याला अकराशे साठ. चार्ज करूनही हा सेल वर आला नाही तर बॅटरी बदलावी लागेल, हे मालकाला तोंडावर सांगितलं.

लोकांना वाटतं, थंडी बॅटरी मारते. मारतो तो मे महिना. चाळीस अंशांच्या उन्हात बॉनेटखाली ती आतून झिजते आणि डिसेंबरात, इंजिन जड झालं की, ते उघडं पडतं.

११:३०
शनिवार असल्यानं शिर्डीहून शिंगणापूरला निघालेल्या गाड्यांची रीघ. सोनईच्या रस्त्यावर एक मोटार बंद पडल्याचा फोन आला. पुढच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची, आत टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार. लिंबू दर शनिवारी बदलतं, टर्मिनल वर्षात एकदाही पुसलं जात नाही.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून खार धुतला. झाकणं घट्ट होती, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. मग माझ्या गाडीवरून जंप दिला. लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग माझ्या प्लसला. काळी माझ्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये. गाडी सुरू झाल्यावर याच्या बरोबर उलट क्रमानं काढायच्या. इंजिन चालू असताना मीटरवर १४.१ आलं, म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. नाहीतर नवी बॅटरी बसवूनही गाडी पुढच्या गावात परत बंद पडली असती.

दुपारी २:००
जेवण दुकानात नाही, शेजारच्या ओट्यावर. आधी कोपरापर्यंत साबणानं हात. शिसं हातावरून भाकरीवर आणि भाकरीवरून पोटात जातं. लहान पोरांना तर फारच वाईट. म्हणून कामाचा शर्ट घरी नेत नाही. तसाही त्याला ॲसिडची भोकं आहेत, तीही धुतल्यावरच दिसतात.

ओट्यावर पोराला, मी काम शिकलो त्या उस्तादांकडची गोष्ट सांगितली. तिथं माझ्याबरोबरच्या एकानं पाणी किती आहे ते बघायला काडी ओढली. झाकण उडालं, ॲसिड तोंडावर. बाजूला पाण्याचा पिंप भरलेला होता म्हणून डोळा वाचला. वीस मिनिटं पाणी मारलं आणि मगच दवाखाना. माझ्या दुकानात पिंप कधी रिकामा नसतो.

४:००
भंगारवाला आला. पावती नको म्हटलं तर किलोमागं जास्त देतो. जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून ही ओढ. पण असला माल कुठंतरी ओढ्याकाठी फुटतो, ॲसिड मातीत आणि शिशाचा धूर वस्तीत. २००१ पासून यासाठी नियम होते; २०२२ साली नवे आले, आणि जुनी बॅटरी नोंदणी असलेल्याकडंच जावी असं ते सांगतात. माझ्या बॅटऱ्या कंपनीच्या वितरकाकडं उभ्याच जातात. आडवी केली की ॲसिड गळतं.

संध्याकाळी ६:३०
ट्रॅक्टरवाले मामा परतले. बॅटरी १२.७ वर, लोड टेस्टरलाही टिकली. जादा बॅटरी काढून त्यांची बसवली. बसवताना क्रम उलटा: लाल आधी, काळी शेवटी. पट्टी आवळली, कारण उसाच्या रस्त्यावर हादऱ्यांनीच प्लेटा झडतात. टर्मिनलवर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. सेल्फ एका झटक्यात लागला.

“आज टेप?”

“इंजिन चालू असंल तरच,” मामा हसले.

८:३०
रात्रीच्या बॅटऱ्या लावल्या: आधी चिमटे, मग चार्जरचं बटण. जिल्हा कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झाला, माझ्या पाटीवर अजून नगरच आहे. ती पाटी सावकाश बदलेन. दुसरी एक मात्र उद्याच रंगवून घेतो, कारण पोरगा आजही आधी लालकडंच धावला होता: ‘काढताना काळी आधी. जोडताना काळी शेवटी. काडी ओढायची नाही.’