छळानें मनुष्य बळकट होतो काय?

सोनें अग्नींत तावून सुलाखून निघतें, तद्वत् छळ सोसल्यानें मूल खंबीर होतें, असें पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच सत्य वाटतें. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा निघाली, तेव्हां तेथें शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्यावर लोक चिखल व शेण फेकीत. बाई जवळ दुसरें लुगडें बाळगीत. शाळेंत तें नेसून शिकवूं लागत. हें धैर्य त्यांना शेणानें दिलें नाहीं. पाठीशीं पति जोतीराव होते व डोळ्यांपुढें शिकूं इच्छिणाऱ्या मुली होत्या. ज्यास असा आधार नाहीं, तो खचण्याचेंच भय अधिक. म्हणून विद्यार्थिमित्रहो, वर्गांत कोणाचा छळ होत असल्यास त्याच्या शेजारीं जाऊन बसा. आणि पालकहो, “सोस” म्हणण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें ऐकून घ्या.