मोटारीचा थ्रॉटल-सेन्सर : बदलण्यापूर्वीं मोजावा

आमच्या संस्थेच्या पुष्कळ सभासदांच्या दारीं आतां पेट्रोलवर चालणारी एखादी जुनी मोटार उभी असते. ती भाजी पवनीच्या बाजारांत नेते, खताचीं पोतीं आणते व प्रसंगीं आजाऱ्यास भंडाऱ्यास पोंचविते. तीच ऐन वेळीं गचके देऊं लागली म्हणजे काय अवस्था होते, हें आम्हांस गेल्या पावसाळ्यांत कळलें. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या छातींत कळा येऊं लागल्या, म्हणून त्यांस घेऊन रात्रीं आम्ही निघालों. अड्याळच्या अलीकडे पेडल दाबावें तों मोटार धांवण्याऐवजीं अडखळे, मध्येंच बंद पडे. कसेबसे पोंचलों, गृहस्थ सुदैवानें वांचले. पुढें एका कारखान्यांत तपासणीचें यंत्र लावतां ‘पी ०१२२’ असा दोषांक निघाला व त्या आधारें नवा थ्रॉटल-सेन्सर बसविण्यांत आला. आठ दिवसांनीं दोष पुनः उभा !

हा सेन्सर करतो काय ? पेडल दाबलें कीं इंजिनांत हवा सोडणारी चकतीसारखी झडप उघडते. ती किती उघडली, हें तिच्या दांड्यास जोडलेला सेन्सर विजेच्या दाबानें संगणकास कळवितो. या व इतर सेन्सरांच्या वर्दीवरून संगणक पेट्रोलाचें मान ठरवितो. तलावाचें तुडूम किती उघडलें याची वर्दी खालीं पाणी वांटणाऱ्यास खोटी मिळाली तर जो घोटाळा होईल, तोच येथें होतो. झडप उघडते, हवा शिरते, पण पाय दाबतांना लागणारें जादा पेट्रोल मिळत नाहीं.

दोषांकाविषयीं मात्र मोठा गैरसमज आहे. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सातबाऱ्यावरील नोंदीस हरकत आली तर चौकशी झाल्यावांचून निकाल लागत नसे. ‘पी ०१२२’ म्हणजे इतकेंच कीं सेन्सरकडून येणारा दाब फार कमी आहे. ‘पी ०१२३’ म्हणजे फार जास्त. दोष सेन्सरांत, तारेंत कीं जोडणींत, हें मौक्यावरच पाहावें लागतें.

त्यास साधा मल्टिमीटर पुरे. प्रथम जोडणी उघडून पिनांवर हिरवा गंज आहे काय तें पाहावें. मग किल्ली फिरवावी, पण इंजिन चालू करूं नये. मीटर डी. सी. २० व्होल्टवर ठेवून काळें टोंक बॅटरीच्या ऋण बाजूस लावावें व लाल टोंक बारीक टांचणीनें जोडणीच्या मागून तिन्ही तारांस क्रमानें लावावें. तारेचें आवरण भोसकूं नये. तेथून पाणी शिरून तांबें कुजतें. एका तारेवर सुमारें ५ व्होल्ट, दुसरीवर जवळजवळ शून्य व तिसरीवर, झडप मिटलेली असतां, अर्ध्या व्होल्टाच्या आसपास दाब मिळावा. पेडल सावकाश दाबीत गेल्यास हा तिसरा दाब न तुटतां साडेचारपर्यंत चढला पाहिजे. मध्येंच तो घसरला, तर आंतील पट्टी त्या जागीं झिजली असें समजावें. ही क्षणिक घसरण अंकांच्या मीटरपेक्षां कांट्याच्या मीटरवर चटकन दिसते. परंतु ५ व्होल्टच येत नसतील, तर सेन्सर बदलून कांहींएक उपयोग नाहीं.

हें सर्व दोरीनें झडप ओढणाऱ्या, तीन तारांच्या सेन्सराविषयीं झालें. नव्या मोटारींत झडप विद्युत्-मोटरीनें फिरते व तिला दोन सेन्सर असतात. तेथें त्या मोटारीच्या पुस्तकावांचून मोजमाप करूं नये, आणि किल्ली चालू असतां झडपेंत बोट तर मुळींच घालूं नये.

आमच्या मोटारीत ५ व्होल्टची तार हालविली कीं कांटा शून्यावर येई. चिकटपट्टी सोडून पाहतों तों आवरण उंदरानें कुरतडलेलें, व तांब्याचे दोनच धागे शिल्लक ! मोटार धानाच्या तणसाच्या ढिगाशेजारीं उभी असे. तार सांधली, मोटारीची जागा बदलली. कारखान्यानें काढून दिलेला जुना सेन्सर नंतर मोजून पाहिला, तो अगदीं निर्दोष निघाला. अद्याप आमच्या फडताळांत पडून आहे.