फिट थांबली; मूल खेळायला लागले का?

मुलाला फिट आली की आपल्या सातारा-सांगलीकडे कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, तर कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय मात्र कांद्याला मिळते. मग देवऋषी, अंगारा आणि शेवटी दवाखाना. तोवर मुलाची शाळा सुटलेली असते.

अपस्मार किंवा फेफरे हा मेंदूचा आजार आहे. ती बाहेरची बाधा नव्हे. तो संसर्गाने पसरत नाही आणि दुर्मिळही नाही. डॉ. नादिर भरूचा व सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाजाची पाहणी केली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हजारी चार ते पाच जणांत हा आजार आढळला.

लहान मुलांच्या अपस्मारावर वर्षानुवर्षे संशोधन करणारे डॉ. देब पाल यांचे काम आपल्यासारख्या भागाला मोलाचे आहे. फिनोबार्बिटोन, म्हणजे परिचयाची गार्डिनाल, ही स्वस्त गोळी. तिने मुलांची वागणूक बिघडते, म्हणून पाश्चात्त्य डॉक्टर ती टाळत. डॉ. पाल यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतील ९४ मुलांचे दोन गट केले. एका गटाला ही गोळी दिली, दुसऱ्याला फेनिटॉइन. निष्कर्ष १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: फिट आटोक्यात ठेवण्यात दोन्ही औषधे सारखीच, आणि पालकांच्या सांगण्यानुसार स्वस्त गोळीने वागणूक जास्त बिघडली नाही.

पण फिट थांबली म्हणजे सारे झाले का? ही मुले चारचौघांत मिसळतात का, याचाही अभ्यास त्यांनी केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात काम करताना त्यांच्या गटाने मुलांना, पालकांना आणि डॉक्टरांना विचारून, उपचारांचे यश कशाकशावर मोजावे याची यादी केली (२०१९). फिटच्या संख्येबरोबर झोप, अभ्यास, मनःस्थिती आणि मित्रमंडळी यांनाही महत्त्व आले.

पालकहो, हीच दृष्टी आपणही ठेवावी. एक वही करा. फिटची तारीख आणि ती किती मिनिटे टिकली, हे लिहा. त्याबरोबर झोप, चिडचिड, शाळा आणि खेळ यांचीही नोंद ठेवा व डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका. त्याने फिट उसळते. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा.

मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आजार लपवणारे पुष्कळ आहेत. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ सालीच काढून टाकली गेली. कायद्याने जे सोडले, ते आपण धरून बसू नये. मुलाला शाळेत पाठवा, आणि वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्या.